दहा वर्षांचा दाखला

अंबड, नाशिक
१४ मार्च १९९९

ती. दादास,

“तू एवढी शिकलीस, मग सोनवणे आपल्याला जुमानत का नाही?” आई रोज विचारते.

पलटणीतून पैसे पाठवून तू बांधलेल्या खोलीत तो दोन वर्षं भाडेकरू आहे. सहा महिने भाडं देत नाही. मागायला गेले तर उंबऱ्यावर बसून हसतो. “भाडं कशाचं, ताई? आम्ही इथं दहा वर्षं ऱ्हातो. तुमच्याच झ्याक अक्षरात लिवलंय ना!”

तो रहिवासाचा दाखला घरमालकीण म्हणून आईच्या नावाने मीच लिहिला, दादा. जुना रहिवास दाखवला की रेशनकार्ड लवकर होईल, त्याच्या मुली पोटभर जेवतील, एवढंच डोक्यात होतं. आईला वाचून दाखवताना मात्र मी ‘दोन वर्षं’ वाचलं. तिने विश्वासाने अंगठा उठवला.

मे महिन्यात लग्न करून तू वहिनीला कुठे आणणार?

हे पत्र पेटीत टाकायचा धीर होत नाही. पण आज सकाळी दाखल्याची नक्कल आईला जशी आहे तशी वाचून दाखवली. मग तिच्यासोबत तहसील कचेरीत जाऊन ‘दाखला खोटा आहे, चूक माझी आहे’ असं लिहून दिलं. सही करताना नावापुढे बी.ए.सुद्धा लिहिलं.

तुझी,
छाया