चंद्रीची पाठवणी

ठाकुर्ली, ३ डिसेंबर २०२४

चि. मयूर यास बायजाआत्याचे अ. उ. आ.

फोन केला की तुला नेमकी रेंज नसते, म्हणून हा कागद. माझा जगन रोज कोलशेतला कामाला येतोच, त्याच्या हाती देते. घरी सगळे मजेत, माझे गुडघे सोडून.

काल तुझी बायको कल्पिता फोनवर म्हणाली, शुक्रवारी चंद्रीची पाठवणी आहे. पुढं काही न बोलता ठेवून दिला. वा रे पठ्ठ्या! अख्ख्या कोलशेतचे नवरदेव त्या घोडीने पाठीवर मिरवले, आता लंगडायला लागली तर घराबाहेर काढतोस? स्थळ तरी धड बघितलंस ना? की दिली एखाद्या रिसॉर्टवाल्याला, पोरांना वर बसवून फोटो काढायला? निघताना तिची ओटी भर, थोडं रडही. व्हिडिओ टाकायला विसरू नकोस.

राग मानू नकोस. मानलास तरी चालेल.

तुझी,
बायजाआत्या

कोलशेत, ४ डिसेंबर

ती. बायजाआत्यास मयूरचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. जगन हसत होता, म्हणजे त्याने वाचलेलं दिसतंय.

आत्या, स्थळबिळ काही नाही. चंद्रीच्या पुढच्या खुरांतलं हाड तळातून बाहेर आलंय. उभी राहिली की थरथरते, बसली की उठत नाही. गूळ बंद केलाय, तरी माझा खिसा हुंगते. दोन डॉक्टर झाले, दोघंही म्हणाले इंजेक्शन देऊन सोडवा. कल्पिताला सांगताना माझ्या तोंडून ते निघेना, म्हणून पाठवणी म्हणालो. तिने तेच तुला सांगितलं.

घरच्या ग्रुपवर मी डॉक्टरांची चिठ्ठी टाकली होती, पण तू भांडून ग्रुप सोडलायस. स्वप्नाताईने मला खुनी ठरवलं. गोविंदाकाका म्हणाले, देवाचं नाव घेऊन कुठंतरी सोडून दे. सगळ्यांनी रडकी तोंडं पाठवली, गवताची पेंडी कोणी पाठवली नाही. तू तरी तिला शेवटचं कधी बघितलंस? माझ्या हळदीत. तेव्हाही वास येतो म्हणून नाकाला पदर लावून उभी होतीस.

मला ती हवी आहे गं. पण तिचे हाल बघवत नाहीत. लोभ कमी केलास तरी समजून घेईन.

तुझा,
मयूर

ठाकुर्ली, ५ डिसेंबर

चि. मयूर यास अ. उ. आ.

तुझं पत्र जगनकडून वाचून घेतलं. चष्मा कितीदा पुसला, उपयोग झाला नाही.

स्वप्नाला फोन करून सांगितलं, तुझ्या चौथ्या मजल्यावर लिफ्टने घोडी पाठवतोय. तिने ताबडतोब मतं आवरली. गोविंदाला विचारलं, देवाचं नाव घेऊन सोडायची ती कुठं, घोडबंदर रोडवर? त्याला लगेच दुसरा फोन आला. माझं तोंड मात्र मला आवरत नाही, तेवढं पोटात घाल.

उद्या सकाळी जगनबरोबर येते. मी पोचेपर्यंत डॉक्टरला थांबव. पाठवणी म्हणालास ना, मग पाठवणीच करू. तिच्या डोक्याशी मी बसेन, नाकाला पदर न लावता. खण-नारळ तिला काय कामाचे, गूळ आणते. बंद असला तरी उद्या चालेल. भरव मात्र तूच, माझा हात तिच्या ओळखीचा नाही.

तुझ्यावर लोभ होता तेवढाच असलेली,
आत्या