ओटीतला कापूस

अकोला, पौष १९६३

माय,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. शाळेतले मास्तर तुला वाचून दाखवतील आणि तू दोन दिवस जेवायची नाहीस.

तू मला भेटायला कॉलेजच्या शेतावर आलीस, तेव्हा मी वर्गात होतो. परत येऊन पाहतो तर तू पऱ्हाटीच्या ओळीत, ओटी भरलेली. "कावून रे बापू, इतका कापूस फुटला अन् वेचाले कोनीच नाई?"

त्याच बोंडांवर माझं एम.एस्सी.चं संशोधन होतं. एका जातीच्या फुलावर दुसरीचा पराग मी हातानं लावला होता. कोणत्या बोंडात कोणता संकर ते सांगणाऱ्या चिठ्ठ्या झाडांवरच राहिल्या, कापूस तुझ्या ओटीत एक झाला.

मी म्हटलं, "बरं केलं, माय."

सरांना सांगितलं, पुढच्या हंगामात पुन्हा करतो. घरी कळवलं, अभ्यास वाढला.

हल्ली डोळे मिटले की धुक्यातली ती पांढरी ओळ दिसते. तू वेचत पुढे जातेस, आणि ओळ काही संपत नाही.

त्या कापसाची सरकी मी जपून ठेवली आहे. मृगात वेगळी लावीन. संकराच्या पाटीवर आधी आईचं, म्हणजे मादी झाडाचं, नाव लिहायची रीत आहे. पाटी तयार आहे. तिच्यावर मी तुझं नाव, 'पंचफुला', लिहिलंय.

तुझा,
सुदाम