डाव्या डोळ्यावरचं झाकण

मी, श्रीमती गोदावरी विश्वंभर जोगळेकर, वय ७६, राहणार नागाव, तालुका अलिबाग, हे मृत्युपत्र स्वखुशीने सांगून लिहवून घेत आहे. डोळे गेले आहेत, डोकं जाग्यावर आहे. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. उजवा डोळा लहानपणीच गेला. डाव्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि पुढे पारपटल, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, सुजलं. त्यावर फोड यायचे, फुटायचे. पापणी हलली की तिखट गेल्यासारखी आग. डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले. दान मिळालेल्या डोळ्याचा आतला थर बसवायचा, म्हणजे दुखणं जाईल आणि बहुधा दिसेलही. नाहीतर डोळ्याच्या पांढऱ्या भागावरची पातळ त्वचा ओढून पारपटल झाकायचं. दुखणं जाईल, दिसणार नाही. मी थर मागितला.

२. थर म्हणजे तपासणीच्या फेऱ्या आणि महिनोन्महिने थेंब. माझा मुलगा सुश्रुत चालवतो त्या होमस्टेचा तेव्हा गर्दीचा मे महिना. त्याने डॉक्टरांना परस्पर सांगितलं, "आई झाका म्हणते." हे मला पुढे डॉक्टरांकडूनच कळलं. मग माझं बोट धरून कागदावरच्या रेघेवर नेलं. "आई, थराचाच कागद आहे. कर सही." मी केली. पट्टी सोडताना सून रचना हिला मी मुद्दाम समोर उभं केलं होतं, पहिली तीच दिसावी म्हणून. दुखणं थांबलं होतं, ते नाकारत नाही. दिसलं काहीच नाही. हे मी त्याला माफ केलेलं नाही.

३. सबब यजमानांनी माझ्या नावे केलेली वाडी, घर आणि होमस्टेच्या चारही खोल्या मी एकट्या रचनाला देते. दुखण्यात चार-चार तासांनी मिठाच्या पाण्याचे थेंब तिने घातले. नवऱ्याला कुठल्या खोलीत ठेवायचं, की ठेवायचंच नाही, हे तिने ठरवावं. पाटल्या नात क्षिप्राला.

४. सुश्रुतला माझा काळा चष्मा.

५. दहाव्याला कावळा शिवेना की लोक मागच्यांकडून काहीबाही कबूल करून घेतात. माझ्या पिंडापुढे लाडू-लोणच्याची नावं घेऊ नयेत. सुश्रुतने सर्वांसमोर मोठ्याने म्हणावं, "आईला दिसू शकत होतं. मी झाकायला लावलं." तोवर कावळा शिवणार नाही. ते मी बघून घेईन.

आमचे नारळ पाडणारा अंबाजी हे ऐकून म्हणाला, "काकी, पोटच्या पोराला येवढं न्हाय करायचं." हेही लिहा म्हटलं.

मजकूर मला दोनदा वाचून दाखवला.

साक्षीदार: १. अंबाजी नामा पाटील २. शेजारीण वेणूबाई राऊत
नागाव, १४ नोव्हेंबर २०२४

सही: गोदावरी वि. जोगळेकर

रेघ कुठे आहे ते वेणूबाईंनी तोंडाने सांगितलं. या वेळी माझं बोट कोणी धरलेलं नाही.