फुलांच्या रविवारचे पाहुणे

इड्वल बाळा,

सगळ्यांत आधी त्यांचा कुत्राच घरात घुसला, मागून आईबाप आणि त्यांची छोटी टिली. तुझी खोली पाहुण्यांना भाड्याने दिली मी, रागावू नकोस. किल्ल्याच्या पायऱ्या टिलीने मला हात धरून चढवल्या! खाली वाळूत सीलचं पांढरं पिल्लू एकटंच पडलेलं. "मॅमगी, त्याची आई?" म्हणाली. आईला मॅम, तशी आजीला मॅमगी म्हणायचं, हे तिला एकदाच सांगितलं होतं. मी म्हटलं, "आई येते गं. पिल्लंच पोहायला लागली की फिरकत नाहीत."

शेजारची नेस्टा कुंपणावरून ओरडली, "काय गं, भाड्याची नातवंडं?"

"सख्खी फोटोतच वाढतायत ना!"

फुलांच्या रविवारी अख्खं गाव आपापल्या माणसांच्या कबरी घासून फुलं वाहतं. "नक्की येतो" म्हणाला होतास यंदा. तुझ्या बाबाची कबर मी एकटीनेच घासली. हे सांगितलं तर टिली म्हणते, "पिवळी फुलं मी ठेवणार."

पत्र टाकणार नाही. टाकलं तर तू फोनवर कारणं सांगशील.

ते पुन्हा येणार आहेत, ईस्टरच्या आधीच्या रविवारी. फुलांच्याच.

तुझी मॅम