फॅक्टरीतल्या मावशी

आई, काल तुझ्या फॅक्टरीत जाऊन आले. बाकी नाशिकसाठी ती अंबडची कारची फॅक्टरी होती. माझ्यासाठी मात्र ती तुझी, आणि म्हणूनच माझ्या डोळ्यांत सलणारी. आईबापांच्या जास्त लाडक्या बहिणीचा करावा तसा तिचा हेवा करत मी वाढले. तू जाऊन इतकी वर्षं झाली, माझे केस पिकले, तरी तो हेवा काही म्हातारा होत नाही.

मी उठायच्या आत तू कँटीनच्या कामाला निघालेली असायचीस. ओट्यावर ताटाखाली झाकलेली गार पोळी-भाजी, आणि संध्याकाळी घरी यायचीस ती अंगाला फोडणीचा वास घेऊन. मी शाळेतलं काही सांगायला लागले की म्हणायचीस, "बाई, दिवसभर माणसांत असते, आता घटकाभर गप्प बसू दे." मला वाटायचं, आपली आई मुळातच अबोल. मग एका खंडेनवमीला घरच्यांना फॅक्टरीत बोलावलं होतं. मशिनं धुऊनपुसून त्यांना झेंडूच्या माळा घातल्यात, लाइनवरच्या नव्याकोऱ्या कारच्या बॉनेटवर हळदकुंकू लावलंय, आणि कँटीनमध्ये तू शिरा वाढते आहेस. तू हसते आहेस, आई. अगदी खदाखदा. पेंटशॉपमधल्या एकाला म्हणतेस, "घे रे, लाजतोस काय नव्या नवरीसारखा!" मी ताट घेऊन धावत थेट तुझ्याजवळ येते आणि तुझं हसू मिटतं. "रांगेत ये. इथे सगळे सारखे." मी मुकाट्याने मागे जाऊन उभी राहिले. माझा नंबर आला तेव्हा तुला पातेलं खरवडावं लागलं.

पुढे गाड्यांचा खप बसला. आधी एक पाळी बंद झाली, मग जेवण जाऊन नुसता चहा उरला, आणि एका सकाळी गेटला कुलूप. सगळी वसाहत सुतकात, आणि मी मनातून खूश. वाटलं, आता तरी आई माझ्या वाट्याला येईल. तर कामगार गेटवर धरणं धरून बसले आणि तू घरच्या गॅसवर पिठलं-भाकरी करून त्यांना डबे न्यायला लागलीस. मी चिडले तेव्हा म्हणालीस, "ती माणसं उघड्यावर बसलीत. तुला काय कमी आहे?" काय कमी आहे ते मला तेव्हा सांगता आलं नाही. धरणं उठलं, मशिनं भंगारात गेली, तरी तुझी परात लहान झाली नाही. घरात आपण दोघी, आणि कणीक पंगतीची.

त्या जागेवर मागे एका बिल्डरने आयटी पार्कचा बोर्ड लावला होता. तो उन्हाने पांढरा पडला, आत बाभळी माजल्या. आता दुसरा आलाय, फ्लॅट आणि दुकानं बांधणारा. काल त्याने जुन्या कामगारांना चहा-नाश्त्याला बोलावलं होतं. मी आगंतुकासारखी गेले, कारण ती फॅक्टरी जमीनदोस्त होणार हे मला कानांनी ऐकायचं होतं. एका पोराने पडद्यावर नकाशा दाखवला. कँटीनच्या जागी स्विमिंग पूल! मी टाळ्याच वाजवणार होते. पण म्हाताऱ्यांतला एक जण म्हणाला, "मागच्यानं बी असंच पडद्यावर दावलं व्हतं," आणि सगळे हसले.

नंतर ते आपसूक कँटीनकडे वळले, मीही मागोमाग. छप्पर गेलंय, भिंतीतून पिंपळ आलाय, पण तू जिथून वाढायचीस तो कडप्पा शाबूत आहे. म्हातारे त्यावरून हात फिरवत होते. निफाडकडचे एक काका मला सांगायला लागले, "मला अल्सर व्हता. मावशी माझ्यासाठी रोज येगळा मऊ भात ठेवायच्या. रांगेत कधी उभं नाय केलं मला. ताट घेऊन थेट आत जायचो." माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्यांना जे आपसूक मिळालं त्याच्यासाठी मी जन्मभर तुझ्या तोंडाकडे बघत राहिले. न राहवून विचारलं, "त्यांच्या घरी कोण कोण होतं?"

"काय ठाऊक नाय बा. लय बोलायच्या, पण घरचं कधी नाय."

हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून पुढचं लिहिते. काकांनी विचारलं, "तुम्ही कोण, ताई?" मुलगी म्हणून सांगायला तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते वेगळंच. म्हटलं, "मी कँटीनमध्येच होते. आत, पोळ्यांवर. मावशींच्या हाताखाली."

त्यांनी हात जोडले. "मग तुमचं भाग्य मोठं. दिवसभर त्यांच्यासंगं."

"हो," मी म्हणाले, "दिवसभर."

धडधडीत खोटं बोलले, आई. पण रिक्षाने घरी येईपर्यंत मी ते मनातसुद्धा दुरुस्त केलं नाही.