आप्पांचा निरोप

बाळा जालिंदर, तिकडच्या थंडीत जपून ऱ्हा.

मेंदूवरच्या संशोधनासाठी तिथल्या डॉक्टरांनी तुला अळंबीचं औषध दिलं, तवा वारलेले आप्पा दिसले म्हणालास. मांजरी गावातल्या आपल्या रानातला ऊस मोडून धूर-कचरा नसलेलं उद्याचं गाव वसव, असं म्हणं त्यांनीच सांगितलं. जित्तेपणी बांधावरचा दगड हलू न देणारा माणूस मेल्यावर लईच उदार झाला!

कागदावर सही करीन मी. जमिनीचं काय न्हाई. पण एवढी वर्सं त्यांच्यासंगं संसार केला, तरी माझ्या सपनात ते एकदाबी आले न्हाईत. तुझ्यासंगं एवढं बोलले, तर माझं काय इचारलं का रं?

फोनवर हे तोंडातनं निघत न्हाई. लिवलंय, पण पाठवायचा धीर होत न्हाई. तू 'न्हाई' म्हणालास, तर मी काय करू?

तुझी आई