पाठीत वाजणारं ढोलक

आई, आज दुपारी देवणीचे एक गृहस्थ दुकानात आले. नव्या गाडीत मोठा वूफर बसवलेला, पण आवाज फाटलेला. म्हणाले, "ताई, खोक्यावर हजार वॅट लिवलंय, मग धमक कामून येत न्हाई?" मी डिकी उघडली आणि तुझीच आठवण झाली.

निवृत्तीनंतर तुझं ऐकू येणं कमी होत होत थांबलंच. नांदेडच्या शाळेत जन्मभर मुलींना गाणी शिकवलेली तू, घरात गुणगुणणंसुद्धा सोडलंस. पोळ्या लाटताना तुझे ओठ घट्ट मिटलेले असायचे, ते मला बघवायचं नाही. इकडे लातूरला मी लोकांच्या गाड्यांत साउंड बसवत होते, आणि तिकडे आले की तुला वाचता यावं म्हणून ओठ सावकाश हलवत बोलत होते.

मग आपण मावशीकडे हिमायतनगरला निघालो तो दिवस. माझ्या जुन्या गाडीच्या डिकीत लहानसा सबवूफर होता, नुसता खर्ज वाजवणारा. तू मागच्या सीटला टेकून बसलीयेस. अचानक माझ्या खांद्यावर तुझा हात येतो. "थांब गं, गाडी थांबीव. हे ढोलक हाय ना? पाठीत वाजून राहिलंय." मी गाडी कडेला घेते. तू दोन्ही तळवे सीटवर ठेवून डोळे मिटून बसतेस आणि मला पुढचा रस्ता दिसेनासा होतो.

तुला आणखी ऐकवायची घाई झाली मला. मोठा वूफर आणला, अॅम्प्लिफायर मात्र जुनाच ठेवला. लहान अॅम्प्लिफायर मोठ्या वूफरचं काय बिघडवणार, असं वाटलं, आणि त्याचा गेन, म्हणजे आवाज चढवायचा खटका, पार वर नेला. तू कपाळाला आठ्या घातल्यास. "ढोलक कुठाय? हे तर चक्कीवानी घरघर करतंय." मी हातानंच खुणावलं, बस गं जरा. लातूरच्या वाटेवर, लोह्याच्या अलीकडे डिकीतून जळका वास आला. अॅम्प्लिफायर झेपेनासा झाला की आवाजाची लाट वरून छाटली जाते, आणि तसला छाटलेला करंट वूफरमधली तारेची कॉईल तापवून जाळतो. तो बिघाड तुझ्या पाठीला आधी कळला होता.

दुसरा वूफर आणताना खोक्यावरच्या मोठ्या आकड्याकडे बघितलंच नाही. वूफर सतत किती वॅट सोसतो, किती ओहमचा आहे, ते बघून त्याला जुळणारा अॅम्प्लिफायर निवडला. गेन हळूहळू वाढवला आणि आवाज स्वच्छ होता तिथंच थांबवला. नांदेडला परतीच्या रस्त्यावर तुझा हात गुडघ्यावर ठेका धरू लागला. आणि मग तू गायलीस. शाळेत दरवर्षी नव्या मुलींना पहिलं शिकवायचीस, तेच गाणं. आवाज चिरका, मधेच श्वास तुटणारा. घर आलं तरी मी गाडी बंद केली नाही. गाणं संपल्यावर तू विचारलंस, "लागला का गं सूर?" मी मान हलवली, हाव.

त्यानंतर प्रत्येक फेरीत गात होतीस, अगदी शेवटच्या आजारपणापर्यंत.

देवणीच्या गृहस्थांना वूफरला जुळणारा अॅम्प्लिफायर लावून दिला. ते गेले आणि शटर ओढायच्या आधी मी हे लिहायला बसले. कुणाला दाखवणार नाही. तुला तेवढं सांगायचं होतं. त्या दिवशी ठेका पक्का होता, पण सूर एकही लागला नव्हता. आता गाडीत एकटी असले की ते गाणं मी तुझ्या त्याच सुरांत म्हणते. खरी चाल मला आठवतच नाही, आई.